आमच्या कपाळावर कंगोरे नाहीत

दोस्तांनो, परवा एका चित्रपट मंडळाच्या चर्चेला गेलो होतो. मंडळाचं नाव लिहीत नाही, तशी सगळी मंडळं सारखीच. विषय होता टीव्हीवरच्या विज्ञानकथा. एक झब्बेवाले गृहस्थ उठले आणि म्हणाले, 'स्टार ट्रेक'सारख्या मालिकांनी माणसाला वंश, वर्ण, जात यांच्या पार पलीकडे नेऊन ठेवलं. बघा, १९६६ साली एका जहाजावर काळी बाई आहे, जपानी आहे, पुढं रशियनही आला, आणि वर टोकदार कानांचा परग्रहवासी. टाळ्या पडल्या. मी मागच्या खुर्चीवर. उठलो नि विचारलं, पलीकडे नेऊन ठेवलं ना, मग दुश्मनाच्या कपाळावर कंगोरे कशाला? हशा झाला. अध्यक्ष म्हणाले, वेळेअभावी आपण इथं थांबू. आमचा प्रश्न आला की यांचा वेळ संपतो, हा तर जुना रिवाज आहे. म्हणून उत्तर इथं लिहितो. संपादक आपलाच माणूस आहे, तो घड्याळ काढणार नाही.

आधी हे सांगतो की मी या मालिकांचा वैरी नाही. उलट वेडा आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. आमच्या चाळीत एकच टीव्ही, काळापांढरा, लाकडी शटरवाला. ज्याचा टीव्ही त्याचा पलंग, बाकीचे तीस-पस्तीस जण जमिनीवर आणि उरलेले ग्यालरीत, खिडकीच्या गजाला लोंबकळून. इंग्रजी कुणाच्या बापाला कळत होतं? म्हणून आम्ही चेहरे वाचायचो. आणि गंमत बघा, गोष्ट सगळी कळायची! चेहऱ्यावरच लिहिलेली असायची. गोरा गुळगुळीत तो आपला. जाड भुवयांचा, सावळा, मिशा खाली वळवलेला तो हरामी. आमची आत्या एकदा क्लिंगॉन सरदाराकडं बघून म्हणाली, "अगं बया, ह्यो तर आपल्या बारक्याचा सासरा!" सगळी खोली हसली. मीही हसलो. आत्या काय बोलून गेली ते कळायला मला पुढं वीस वर्षं लागली.

तर मुद्दा असा आहे, की परग्रहावरचा प्राणी कसा दिसतो हे परग्रहावर ठरत नाही. ते ठरतं हॉलिवूडच्या मेकअपच्या खुर्चीत. आणि त्या खुर्चीमागं कोण उभं असतं? पैसेवाला, चॅनेलवाला आणि प्रेक्षकाच्या डोळ्यात आधीपासून बसलेला समाज.

पहिलीच गोष्ट ऐका. १९६४ साली 'स्टार ट्रेक'चा पहिला नमुना भाग बनला, 'द केज'. त्यात ऑरियन जमातीची एक गुलाम बाई आहे, हिरव्या कातडीची, नाचणारी. रंग कॅमेऱ्यात कसा दिसतो हे बघायला आधी मॅजेल बॅरेट या नटीला हिरवं फासून चाचणी घेतली. रीळ धुवायला प्रयोगशाळेत गेलं. परत आलं तर बाई गोरीगुलाबी! मेकअपवाल्यानं दुसऱ्या दिवशी आणखी गडद हिरवं फासलं. परत गुलाबी. नंतर उलगडा झाला, की प्रयोगशाळेतला माणूस इमानेइतबारे रंग 'दुरुस्त' करत होता. बाईची कातडी हिरवी कशी असेल, काहीतरी चुकलं असणार, म्हणून तो रोज तिला गोरी करून पाठवत होता. त्या बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. व्यवस्थेचं हेच असतं. पाप मनात ठेवावं लागत नाही, ते यंत्राच्या मुठीत आधीच बसवलेलं असतं.

स्पॉकचंही तेच. त्याचे टोकदार कान आणि चढत्या भुवया बघून चॅनेलवाल्यांना सैतान आठवला. देवभोळ्या गावांतली स्टेशनं मालिका घेणार नाहीत अशी धास्ती. म्हणून विक्रीसाठी छापलेल्या पुस्तिकेत फोटोतल्या कानांची टोकं घासून गोल केली. लेनर्ड निमॉयचा स्पॉक पुढं मालिकेचा सगळ्यात लाडका माणूस झाला ही गोष्ट वेगळी. लाडका झाल्यावर टोकं चालतात.

आता कुणी म्हणेल, अरे बाबा, हा पैशाचा मामला आहे. बरोबर, आहेच. दर आठवड्याला नवा ग्रह लागतो. फोम लेटेक्सचं कपाळ एकदा चिकटवून काढलं की सहसा फाटतं, दुसऱ्या दिवशी नवं ओतायचं. पहाटे तीन-चारला नटाला खुर्चीत बसवायचं, तास न् तास चिकटवाचिकटवी. शिवाय डोळे आणि तोंड मोकळं ठेवावं लागतं, नाहीतर नट अभिनय कशानं करणार? म्हणून सगळं ब्रह्मांड उरलं कपाळ, नाक आणि कान एवढ्यात. बेजोरांच्या नाकाच्या मुळाशी चार सुरकुत्या, कार्डॅशियनांच्या मानेला दोरखंडासारखे कंगोरे. झाला ग्रह. मायकेल वेस्टमोर नावाच्या माणसानं १९८७ पासून पुढं १८ वर्षं हे केलं आणि झकास केलं. कारागीर म्हणून त्याला सलाम.

पण अडचण पैशाची होती एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. १९९३ साली 'द चेस' नावाचा भाग आला. त्यात कळतं, की कोट्यवधी वर्षांपूर्वी एका आद्य जमातीनं सगळ्या ग्रहांवर स्वतःचं बी पेरून ठेवलं होतं, म्हणून सगळे दोन हात-दोन पायांचे. म्हणजे आधी अडचण, मग तिचं शास्त्र. दोस्तांनो, हे आपल्याला नवीन आहे का? आधी फुकट राबवून घ्यायची सोय झाली, मग तिचं पुरुषसूक्त झालं. कोण तोंडातून निघाला, कोण पायातून.

क्लिंगॉनांची कहाणी तर मुळातून सांगण्यासारखी आहे. ते पहिल्यांदा दिसले मार्च १९६७ मध्ये. जॉन कोलिकॉस नावाचा गोरा कॅनडियन नट. त्यानं मेकअपवाल्या फ्रेड फिलिप्सला चेंगिझखानाचा चेहरा सुचवला, आणि मग गडद रंग, जाड भुवया, लोंबत्या मिशा. काम फत्ते. जाणकार सांगतात, क्लिंगॉन म्हणजे शीतयुद्धातला रशिया. असेल. पण माझा एक साधा प्रश्न आहे. रशियन तर गोरा होता! त्याच्यावर राग काढायचा तर गोऱ्या रशियनासारखा गोरा क्लिंगॉन करायचा. त्याला सावळा का केला? आणि चांगला रशियन चेकॉव्ह तर त्याच वर्षी जहाजावर नोकरीला लागला, गुळगुळीत चेहऱ्याचा. शत्रुत्व मॉस्कोशी, काजळी आशियाच्या तोंडाला. ही वाटणी कुणी बैठक घेऊन केली नाही. ती होते. न सांगता होते, म्हणून तर ती भयंकर.

तीन वर्षांतसुद्धा यांचा एक रंग टिकला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विल्यम कॅम्पबेलनं केलेला क्लिंगॉन बराच उजळ आहे. मग १९७९ च्या सिनेमात एकाएकी कपाळावर हाडाचे कंगोरे उगवले. १९८७ पासूनच्या 'नेक्स्ट जनरेशन'मध्ये तेच कंगोरे पक्के झाले, आणि घराण्यागणिक वेगळे झाले. कातडी मात्र तपकिरीच. त्यातला वर्फ केला मायकेल डॉर्न या काळ्या नटानं, त्याचा भाऊ केला टोनी टॉडनं, तोही काळा. आणि क्लिंगॉनांचे गोरे नट? त्यांना रोज तपकिरी रंग फासला जायचा. म्हणजे काळ्याला आपल्या रंगासकट परग्रहावर जाता आलं आणि गोऱ्याला रंग लावून जावं लागलं. क्लिंगॉन व्हायचं तर आधी सावळं व्हा. वर्फ आपला लाडका आहे, इमानी, करारी, जहाजाचा रक्षणकर्ता. पण जरा आठवा, पहिल्या काही वर्षांत तो सारखं काय म्हणतो? गोळी घाला, ढाली चढवा. आणि शहाणा कप्तान त्याला दर वेळी म्हणतो, नको. शूर आहेस, डोकं आम्ही चालवतो. महार पलटणीतल्या आजोबांच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल.

आता हे कंगोरे आले कुठून, याचा खुलासा द्यायची वेळ आली १९९६ मध्ये. 'डीप स्पेस नाइन'ची मंडळी कालप्रवास करून जुन्या काळात जातात, समोर गुळगुळीत कपाळाचे क्लिंगॉन. सोबती वर्फला विचारतात, हे काय रे? वर्फ सांगतो, याबद्दल आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. लोक हसले. मस्त विनोद आहे, मीही हसतो. पण २००१ साली दरबानला वंशद्वेषाविरुद्ध जागतिक परिषद भरली, आपले लोक तिथं जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा भारत सरकारची भूमिका काय होती? जात म्हणजे वंश नव्हे, हा आमच्या घरातला प्रश्न आहे. चला! बाहेरच्यांशी बोलत नाही.

२००५ मध्ये एकदाचा खुलासा आला. म्हणे, माणसाच्या सुधारित जनुकांशी खेळ करताना एक विषाणू सुटला, त्यात लाखो क्लिंगॉनांची कपाळं सपाट झाली. ३८ वर्षांपूर्वी रबराला पैसे नव्हते, त्याचा रोग झाला! मग २०१७ मध्ये 'डिस्कव्हरी' आली, त्यात क्लिंगॉन टकले, लांब कवटीचे, कंगोरे पार मागपर्यंत. जगभरचे भक्त खवळले. आमचे क्लिंगॉन असे नाहीत, परंपरा बुडाली! २०१९ मध्ये केस परत आले. २०२३ पर्यंत 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये जुनं रूपही परत आलं. बघा, ५० वर्षांत पाच-सहा वेळा चेहरा बदलला, पण 'क्लिंगॉन हे असेच' हा भक्तांचा विश्वास जागचा हलला नाही. चेहरा बदलतो, ठसा राहतो. माझी खरी तक्रार रबराशी नाही, या ठशाशी आहे.

एक ग्रह, एक चेहरा, एक स्वभाव. व्हल्कन म्हणजे बुद्धिमान. क्लिंगॉन म्हणजे लढाऊ. फेरेंगी म्हणजे लोभी व्यापारी. हे कुठं वाचलंय आपण? ज्ञान याच्याकडं, शस्त्र त्याच्याकडं, तराजू तिसऱ्याकडं. चातुर्वर्ण्याला अंतराळयान लावून दिलं की झाली विज्ञानकथा! फेरेंगींचं १९८७ चं पहिलं रूप आठवा. बुटके, मोठे कान, वाकडे दात, हात चोळत पैशावर टपलेले. युरोपनं शेकडो वर्षं ज्यूंचं जे व्यंगचित्र काढलं ते यात अनेकांना दिसलं, आणि उगाच दिसलं नाही. पुढं आर्मिन शिमरमननं नऊ नंबरच्या ठाण्यावर त्याच जमातीच्या क्वार्कला माणूसपण मिळवून दिलं, हे त्याचं श्रेय. आणि फेब्रुवारी १९९६ च्या एका भागात तर क्वार्कच्याच दारूच्या गुत्त्यात त्याचा भाऊ रॉम कामगारांची युनियन काढतो, संप करतो, भावाला मार्क्स ऐकवतो! तो भाग मी तरी सहा वेळा बघितला असेल.

बायकांच्या बाबतीत मेकअपची खुर्ची वेगळा कायदा लावते. ट्रिल नावाची जमात १९९१ मध्ये आली तेव्हा कपाळावर नि नाकावर उंचवटे होते. १९९३ मध्ये टेरी फॅरेल ट्रिल म्हणून आली. उंचवट्यांनी तिचं रूप झाकलं जातंय म्हणून ते काढून टाकले, आणि कपाळाच्या कडेनं मानेवरून उतरणारे नाजूक ठिपके हातानं रंगवले. त्याचा खुलासा कुणी मागितला नाही, कुणी दिलाही नाही. सुंदर बाईची जमात रात्रीतून बदलते. तिच्यापुरती निसर्गाला सूट.

झब्बेवाले गृहस्थ त्या दिवशी ज्या भागाचं गुणगान करत होते तो जानेवारी १९६९ चा. चेरॉन ग्रहाचे दोघं, बील आणि लोकाय. अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा. बील लोकायला ५०,००० वर्षं शोधतोय, त्याला गुन्हेगार म्हणतोय. कप्तान कर्क विचारतो, तुमच्यात फरक काय? बील म्हणतो, दिसत नाही का, माझी उजवी बाजू काळी, त्याची उजवी पांढरी! वाहवा, काय रूपक! म्हणे वंशद्वेष किती मूर्ख आहे हे दाखवलं. दाखवलं, मान्य. पण गोष्ट नीट ऐका ना. लोकायच्या लोकांना बीलच्या लोकांनी गुलाम केलं होतं. सुटका झाली ती नावापुरती. लोकाय हेच ओरडून सांगतो. आणि शेवटी काय होतं? ग्रह जळून खाक झालेला, दोघं एकमेकांमागं धावत खाली उतरतात, आणि जहाजावरचे शहाणे हळहळतात, द्वेषानं दोघांनाही खाल्लं. दोघांनाही! ज्यानं मानेवर पाय ठेवला त्याचा द्वेष आणि ज्याची मान पायाखाली होती त्याचा राग, दोन्ही एकाच तराजूत. हाच तराजू घेऊन आमच्याकडं वर्तमानपत्रात अग्रलेख लिहिले जातात. दंगल झाली, दोन्ही बाजूंनी संयम पाळावा. वस्ती कुणाची जळाली? ते विचारायचं नाही. उजवीडावीकडचा रंग त्यांना बरोब्बर दिसला. वरखालीचा दिसला नाही.

न्याय करायचा तर हेही सांगतो, की याच मालिकांनी कधी कधी स्वतःच्याच थोबाडीत मारली आहे. मार्च १९६७ मध्ये 'होर्टा' आला. खाणीतला दगडी प्राणी, ना कपाळ ना डोळे, नुसता सरपटणारा ढीग. खाणकामगारांना मारतोय म्हणून सगळे त्याच्या जिवावर उठलेले. नंतर कळतं ती आई आहे, आणि खाणवाले जे गोल गोटे फोडत होते ती तिची अंडी. तिचा राग वेडेपणा नव्हता. सगळ्यात कमी माणसासारखा दिसणारा प्राणी आणि सगळ्यात माणसाची गोष्ट! आणि फेब्रुवारी १९९८ चा 'फार बियॉन्ड द स्टार्स' तर मी हात जोडून बघतो. कप्तान सिस्को स्वप्नात १९५३ च्या न्यूयॉर्कात बेनी रसेल नावाचा काळा विज्ञानकथा लेखक होतो. मासिकातल्या लेखकांचा फोटो काढायच्या दिवशी त्याला सांगितलं जातं, तू घरीच थांब. त्याच्या कथेचा नायक काळा कप्तान, म्हणून मालक अख्खा अंकच रद्दीत घालतो. त्या भागात रोजचे सगळे नट मुखवट्याशिवाय आहेत. फेरेंगीचे कान नाहीत, वर्फचं कपाळ नाही. रबर उतरलं, आणि भेदभाव होता तिथंच होता. दिग्दर्शन खुद्द एव्हरी ब्रुक्सचं, म्हणजे सिस्को करणाऱ्या काळ्या नटाचं. मुखवटा काढायचं काम त्यालाच सुचणार.

पण माझा सगळ्यात मोठा मुद्दा पुढंच आहे.

टीव्ही म्हणतो, जो वेगळा तो वेगळा दिसतो. मी म्हणतो, हे सगळ्यात मोठं खोटं. आपल्यावर हजारो वर्षं जे झालं त्यात वेगळं दिसण्याचा संबंधच नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईची नोंद दिली आहे. गळ्यात मडकं नि कंबरेला झाडू ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच ठिकाणी आणखी एक नोंद आहे, ती कुणी फारशी वाचत नाही. अस्पृश्यानं मनगटात नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधायचा. कशासाठी? चुकून कुणी शिवू नये म्हणून. चुकून! दोस्तांनो, या एका शब्दावर थांबा. दोरा नसेल तर चूक होत होती. म्हणजे चेहऱ्यावरून, रंगावरून, नाकाकपाळावरून कुणालाही काहीही कळत नव्हतं. शरीरानं साक्ष दिली नाही म्हणून दोरा बांधावा लागला. तो दोरा म्हणजे पेशव्यांचा मेकअप विभाग!

दोरा गेला. आता काय आहे? नव्वदच्या दशकात मी उपनगरात भाड्याची खोली बघायला गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट, हातात नोकरीचं पत्र. बाईंनी बसवलं, चहा दिला, पोह्यांचा आग्रह केला. नाव सांगितलं, फक्त नाव. अच्छा अच्छा, आणि आडनाव? सांगितलं. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. तोंडाकडं नव्हे, तोंडावर. जसं काही नीट बघितलं तर कुठंतरी कंगोरा सापडेल. मग हसून म्हणाल्या, "तुमच्याकडं बघून वाटत नाही हो!" खोली त्याच संध्याकाळी पुतण्याला देऊन टाकली असा दलालाचा निरोप आला. हे 'वाटत नाही' तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. कॉलेजात, हापिसात, हॉस्टेलात. म्हणणाऱ्याला वाटतं त्यानं शाबासकी दिली.

आणि हे एकदा, खरंच एकदा, त्या टीव्हीवाल्यांच्याही हातून बरोबर निघालं आहे. रॉमच्या संपानंतर पुढच्याच आठवड्यात आलेला भाग, 'अ‍ॅक्सेशन'. बेजोर ग्रहावर पूर्वी 'डिजारा' होत्या. कुळाप्रमाणं धंदा, धंद्याप्रमाणं मान. चक्क जात. कार्डॅशियनांनी ग्रह ताब्यात घेतला, अर्धं शतक छळलं, तेव्हा कारागीर काय नि पुजारी काय, सगळ्यांनी बंदूक धरली आणि डिजारा मोडल्या. आता दोनशे वर्षांपूर्वीचा एक कवी कालविवरातून परत येतो, देवाचा दूत म्हणून मिरवतो आणि सांगतो, आपापल्या डिजारेत परत जा. आणि लोक जातात! मेजर किरा, जिनं आयुष्य लढण्यात घालवलं, ती जन्मानं कलावंतांच्या कुळातली. ती बिचारी राजीनाम्याची तयारी करते आणि मातीचा पक्षी घडवत बसते. जमत नाही, पण धर्म आहे ना! आणि मग एक धर्मगुरू दुसऱ्या धर्मगुरूला वरच्या मजल्यावरून ढकलून मारतो. का? तर मेलेल्याची डिजारा मयताची व्यवस्था करणाऱ्यांची. अशुद्ध. आणि तो जागा सोडायला तयार नव्हता.

हे बघताना माझ्या हातातली बशी तशीच राहिली. कारण मारणारा आणि मरणारा, दोघांच्या नाकावर त्याच चार सुरकुत्या होत्या. तोच झगा. तोच साचा, तेच रबर. पहिल्यांदा मेकअपवाल्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

या एका भागात सिस्को सांगतो, जातीनं वागवणार असाल तर संघराज्यात तुमचा अर्ज मंजूर होणार नाही. पंचेचाळीस मिनिटांत कवी आपल्या काळात परत जातो आणि डिजारा पुन्हा गुंडाळल्या जातात. टीव्हीवर हे पंचेचाळीस मिनिटांत होतं. ज्या देशात ही मालिका बनली तिथं जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारं पहिलं शहर झालं सिअ‍ॅटल, तेही २०२३ मध्ये. आपली माणसं तिथं पोचली, तसा दोराही तिथं पोचला.

चर्चेनंतर जिन्यात झब्बेवाल्यांनी मला गाठलं. म्हणाले, तुम्ही लोक सगळीकडं जात का आणता? निदान अंतराळात तरी सोडा! मी म्हटलं, साहेब, अंतराळ बनवलं कुणी? आम्ही तर अजून मेकअपच्या खोलीपर्यंतही पोचलो नाही. आम्ही फक्त बघतोय.

आता घरातली गोष्ट, आणि मग थांबतो. जानेवारी २००१ मध्ये 'व्हॉयेजर'चा 'लिनिएज' नावाचा भाग आला. बेलाना टॉरेस, अर्धी क्लिंगॉन, अर्धी माणूस, कपाळावर अर्धेच कंगोरे. जहाजाची मुख्य इंजिनियर. तिला दिवस जातात. डॉक्टर यंत्रावर होणाऱ्या मुलीचा चेहरा दाखवतो. कपाळावर कंगोरे. बेलाना खुळ्यासारखी होते. पोटातल्या पोरीची जनुकं बदलून कपाळ सपाट करायचं म्हणते. डॉक्टर ऐकत नाही तर त्याच्या यंत्रणेत बिघाड घालते. कारण लहानपणी तिनं बापाला बोलताना ऐकलंय, घरात दोन दोन क्लिंगॉन बायका झेपत नाहीत म्हणून. नंतर बाप निघून गेला. तिला वाटतं कपाळामुळं गेला.

माझी पोरगी नववीत आहे. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी नावात काय बदल करायचा तो करून घ्या, असं शाळेनं कळवलंय. बायको म्हणते, गावाच्या नावावरून 'कर' लावू, राजपत्रात देऊन टाकू, माझ्या दोन्ही भावांनी केलं. काय वाईट झालं त्यांचं? पोरांना खोल्या मिळाल्या, नोकऱ्या मिळाल्या, कुणी दोनदा बघत नाही. मी तिच्यावर ओरडलो. मग तिनं मला ती खोलीवाल्या बाईची गोष्ट ऐकवली, माझीच. म्हणाली, तुला ते सोसलं, तुला मिरवता येतं. तिला का सोसायला लावतोस?

मी त्या रात्री पोरीला 'लिनिएज' दाखवला. बेलानाचा मी राग राग करायचो, या वेळी करता आला नाही. ती भित्री नाही, त्या जहाजावर तिच्याइतकं धीट कुणी नाही. तिला फक्त माहीत आहे की कपाळाचं पुढं काय होतं. पोरगी शेवटपर्यंत गप्प बसून बघत होती. संपल्यावर म्हणाली, "पप्पा, पण हिचे तर दिसतात. आपले कुठं दिसतात? मग लपवायचे काय?"

आई भांडी घासता घासता म्हणाली, "म्हणूनच म्हणते, लपतात तर लपू दे."

फॉर्म शुक्रवारी द्यायचा आहे. टीव्हीवर पडलाय, पोरीनं सगळं भरलंय, आडनावाची चौकट तेवढी मोकळी. शाईचं पेन तिनं स्वतःजवळ ठेवलंय, आम्हा दोघांनाही हात लावू देत नाही.